वाइल्डकार्ड चिन्हे व अवतरणचिन्हे

वाइल्डकार्ड चिन्हे व अवतरणचिन्हे : संगणकाला टंकलिखित आज्ञा देताना एकाच वेळी अनेक फाइलींचा निर्देश करण्यासाठी जी चिन्हे वापरतात, त्यांना वाइल्डकार्ड चिन्हे असे म्हणतात. ही संज्ञा पत्त्यांच्या खेळावरून आली आहे. रमीच्या खेळात जोकर जसा कोणत्याही पानाच्या जागी चालतो, तसे हे चिन्ह फाइलीच्या नावातील कोणत्याही वर्णाच्या अथवा वर्णसमूहाच्या जागी चालते. आज्ञापंक्तीवरून (कमांड लाइनवरून) फाइलींचा शोध घेताना या चिन्हांभोवती अवतरणचिन्हे घालणे आवश्यक असते. ती न घातल्यास शोध कधी बरोबर येतो, कधी थांबतो, तर कधी चुकीचे उत्तर बरोबर असल्यासारखे दिसते. हा तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा होय. प्रस्तुत नोंदीत यूनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स, मॅकओएस इ. परिचालन प्रणालींच्या संदर्भात या विषयाचे विवेचन केले आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतच टंकावी लागतात. फाइलींची नावे मात्र देवनागरीतही देता येतात.

प्रमुख चिन्हे : सर्वांत अधिक वापरात असलेले चिन्ह म्हणजे तारका (*). ती शून्य किंवा कितीही वर्णांच्या जागी चालते. प्रश्नचिन्ह (?) नेमक्या एका वर्णाच्या जागी येते. चौकटी कंसात दिलेल्या वर्णांपैकी कोणताही एक वर्ण त्या जागी चालतो आणि कंसाच्या आरंभी उद्‌गारचिन्ह असल्यास त्या वर्णांखेरीज अन्य कोणताही एक वर्ण चालतो. उदा., *.टीएक्सटी या नमुन्यात शेवटी ‘.टीएक्सटी’ असलेली सर्व नावे बसतात, तर भाग[१२३].टीएक्सटी या नमुन्यात अशी तीनच नावे बसू शकतात.

ही चिन्हे आणि मजकुराच्या शोधासाठी वापरली जाणारी नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन) यांत गल्लत होता कामा नये. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञावलीत तारकेचा अर्थ ‘लगतचा आधीचा वर्ण शून्य किंवा अधिक वेळा’ असा होतो. फाइलींच्या नावांच्या नमुन्यात तारका कोणत्याही आधीच्या वर्णावर अवलंबून नसते.

इतिहास : यूनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी केला. तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ हा दिनांक आहे. वापरणाऱ्याची आज्ञा वाचून ती संबंधित आज्ञावलीकडे (प्रोग्रॅमकडे) सोपविणाऱ्या मध्यस्थ आज्ञावलीला या प्रणालीत शेल असे नाव मिळाले. आरंभीच्या शेलमध्ये वाइल्डकार्ड चिन्हांचा उलगडा करण्याची सोय नव्हती. आज्ञेत असे चिन्ह आढळले की, शेल ती आज्ञा ग्लोब नावाच्या एका स्वतंत्र आज्ञावलीकडे देत असे. ग्लोब निर्देशिका (डिरेक्टरी) वाचून नमुन्याच्या जागी प्रत्यक्ष नावे घाली आणि नंतर मूळ आज्ञा चालवी. आजही या प्रक्रियेला ‘ग्लॉबिंग’ असे म्हणतात, ते या आज्ञावलीवरूनच. नमुन्याशी जुळणारे एकही नाव न मिळाल्यास ग्लोब तसा संदेश देऊन थांबे व आज्ञा चालवीत नसे.

१९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बॉर्न यांनी लिहिलेला शेल प्रसृत झाला. त्यात हा उलगडा शेलच्याच पोटात घेण्यात आला. त्याचबरोबर एक महत्त्वाचा बदल झाला. नमुन्याशी काहीही जुळले नाही, तर बॉर्न शेल तो नमुना जसाच्या तसा पुढील आज्ञावलीकडे पाठवितो. हाच नियम पुढे १९९२ च्या पॉझिक्स मानकात आला आणि १९८९ मध्ये प्रसृत झालेल्या बॅश या शेलनेही तो स्वीकारला. बिल जॉय यांच्या सी शेलने आणि पुढे १९९० मध्ये आलेल्या झेड शेलने मात्र काही न जुळल्यास आज्ञा थांबविण्याची जुनी रीत कायम ठेवली. एकच आज्ञा एका संगणकावर चालते व दुसऱ्यावर अडते, असा जो अनुभव येतो त्याचे एक कारण या दोन परंपरांत आहे. मॅकओएसमध्ये २०१९ पासून नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी झेड शेल वापरला जाऊ लागल्यावर हा फरक अनेकांच्या निदर्शनास आला.

विस्ताराची प्रक्रिया : वाइल्डकार्ड चिन्हाचा अर्थ कोण लावतो, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. यूनिक्स परंपरेत तो सर्वसामान्यतः शेल लावतो. वापरणाऱ्याने ‘एलएस *.टीएक्सटी’ अशी आज्ञा दिल्यास शेल चालू निर्देशिकेतील जुळणारी नावे शोधून त्यांची वर्णक्रमाने यादी करतो आणि तारकेच्या जागी ती यादी ठेवून एलएस आज्ञावली सुरू करतो. एलएसला तारका दिसतच नाही. तिला केवळ नावे मिळतात. यामुळे प्रत्येक आज्ञावलीला वाइल्डकार्डचे वेगळे ज्ञान देण्याची गरज उरत नाही आणि सर्व आज्ञावल्यांत चिन्हांचा अर्थ एकच राहतो. हा या रचनेचा मोठा लाभ होय.

फाइंड या आज्ञावलीचे कार्य मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. ती दिलेल्या निर्देशिकेपासून आरंभ करून तिच्या पोटातील सर्व उपनिर्देशिकांत उतरते आणि भेटणारी प्रत्येक फाइल दिलेल्या अटींवर तपासते. नावाची अट ‘-नेम’ या पर्यायाने देतात. ज्या निर्देशिकांत फाइंड पुढे उतरणार आहे, त्यांतील नावे शेलला आधी माहीत नसतात. म्हणून येथे नमुन्याचा अर्थ शेलने न लावता फाइंडने लावावयाचा असतो आणि त्यासाठी नमुना तिच्यापर्यंत अखंड पोहोचला पाहिजे. अवतरणचिन्हे घालण्याचे प्रयोजन हेच. योग्य आज्ञा पुढीलप्रमाणे असते :

फाइंड . -नेम '*.टीएक्सटी'

यातील टिंब चालू निर्देशिकेचे निदर्शक आहे. शेल अवतरणचिन्हे काढून टाकतो आणि आतील नमुना न उलगडता फाइंडच्या स्वाधीन करतो. अवतरणचिन्हे ही अशा प्रकारे शेलसाठीची सूचना असून ती फाइंडपर्यंत पोहोचत नाहीत.

अवतरणचिन्हे न घातल्यास होणारे परिणाम : समजा, वरील आज्ञा अवतरणचिन्हांवाचून दिली. बॅश शेलमध्ये तिचा परिणाम चालू निर्देशिकेत त्या क्षणी जुळणाऱ्या किती फाइली आहेत, यावर अवलंबून राहतो.

(१) चालू निर्देशिकेत जुळणारी एकही फाइल नसल्यास शेल नमुना तसाच पुढे पाठवितो आणि शोध अचूक होतो. वापरणाऱ्याची अवतरणचिन्हे अनावश्यक असल्याची समजूत होते ती यामुळेच. झेड शेलमध्ये या स्थितीत आज्ञा चालतच नाही व काहीही जुळले नसल्याचा संदेश मिळतो.

(२) दोन किंवा अधिक जुळणाऱ्या फाइली असल्यास ‘-नेम’ नंतर एकाऐवजी अनेक शब्द येतात. फाइंडला त्यांपैकी पहिलाच शब्द नमुना म्हणून घेता येतो. पुढील शब्दांची संगती लागत नाही. ती तक्रार नोंदवून थांबते. हा संदेश बहुधा मार्गनामांच्या क्रमासंबंधी असल्याने नवख्या वापरकर्त्यास तो दुर्बोध वाटतो. जीएनयू प्रकल्पाच्या अलीकडील आवृत्त्यांत नमुन्याला अवतरणचिन्हे नसावीत, असा संशयही त्याबरोबर व्यक्त केला जातो.

(३) नेमकी एक जुळणारी फाइल असल्यास कोणतीही तक्रार येत नाही आणि उत्तर मात्र चुकते. उदा., चालू निर्देशिकेत यादी.टीएक्सटी ही एकच अशी फाइल आहे आणि ‘जून’ या उपनिर्देशिकेत पत्र.टीएक्सटी व यादी.टीएक्सटी अशा दोन फाइली आहेत. शेल तारकेच्या जागी यादी.टीएक्सटी हे नाव घालतो. फाइंडला मिळालेली आज्ञा आता त्याच नावाच्या फाइली शोधण्याची असते. ती तीनपैकी दोन फाइली दाखविते आणि पत्र.टीएक्सटी वगळते. पडद्यावर दोन नावे, तीही दोन वेगळ्या निर्देशिकांतील, दिसत असल्याने शोध पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

या तीन स्थितींत आज्ञेत काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती निर्देशिका. म्हणून आज बिनचूक चाललेली आज्ञा उद्या एक नवी फाइल निर्माण झाल्यावर चुकू शकते. नियमितपणे आपोआप चालणाऱ्या आज्ञासंचांत (स्क्रिप्टमध्ये) असा दोष राहिल्यास तो दीर्घकाळ लक्षात येत नाही. राखीव प्रतींसाठी फाइलींची यादी अशा आज्ञेने केली असेल, तर वगळल्या गेलेल्या फाइलींची उणीव मूळ प्रत नष्ट झाल्यावरच कळते.

फाइली पुसणाऱ्या आज्ञा : शोधाचे उत्तर केवळ पाहावयाचे नसून त्यावर कृती करावयाची असेल, तर चुकीचे गांभीर्य वाढते. जीएनयू व बीएसडी या परंपरांतील फाइंडमध्ये ‘-डिलीट’ हा पर्याय आहे. तो सापडलेल्या फाइली पुसून टाकतो. आज्ञापंक्तीवरून अशा प्रकारे पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. समजा, एका संग्रहातील छायाचित्रे ठेवून अन्य सर्व फाइली पुसावयाच्या आहेत व त्यासाठी पुढील आज्ञा दिली :

फाइंड . -टाइप एफ ! -नेम *.जेपीजी -डिलीट

येथे ‘-टाइप एफ’ने शोध फाइलींपुरता मर्यादित होतो व उद्‌गारचिन्ह नकार दर्शविते. चालू निर्देशिकेत मुखपृष्ठ.जेपीजी हे एकच छायाचित्र असून शेकडो छायाचित्रे उपनिर्देशिकांत असतील, तर शेल तारकेच्या जागी मुखपृष्ठ.जेपीजी हे नाव घालतो. आज्ञेचा अर्थ ‘मुखपृष्ठ.जेपीजी या नावाखेरीज सर्व फाइली पुसा’ असा होतो आणि जी छायाचित्रे राखावयाची होती तीच नाहीशी होतात. दोन अवतरणचिन्हांच्या अभावी आज्ञेचा हेतू असा उलटतो आणि संगणकाच्या दृष्टीने मात्र कोठेही चूक झालेली नसते.

अवतरणाचे प्रकार : शेलमध्ये अवतरणाच्या तीन रीती आहेत. एकेरी अवतरणचिन्हांच्या आत प्रत्येक वर्ण शब्दशः घेतला जातो. कोणत्याही चिन्हाला विशेष अर्थ उरत नाही. दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत वाइल्डकार्ड चिन्हे निष्प्रभ होतात, परंतु डॉलर चिन्हाने दर्शविलेल्या चलाचे (व्हेरिएबलचे) मूल्य तेथे भरले जाते. तिसऱ्या रीतीत उलट तिरपी रेघ (बॅकस्लॅश) वापरतात. ती केवळ लगतच्या पुढील वर्णाचा विशेष अर्थ काढून घेते. त्यामुळे पुढील तीनही आज्ञा तुल्य आहेत :

फाइंड . -नेम '*.टीएक्सटी'
फाइंड . -नेम "*.टीएक्सटी"
फाइंड . -नेम \*.टीएक्सटी

नमुना स्थिर असल्यास एकेरी अवतरणचिन्हे सर्वांत निर्धास्त होत. नमुना एखाद्या चलात साठविला असेल, तर दुहेरी अवतरणचिन्हे वापरावी लागतात. बॉर्न शेल व बॅश यांत चलाचे मूल्य आधी भरले जाते आणि वाइल्डकार्ड चिन्हांचा विस्तार त्यानंतर होतो. म्हणून चल अवतरणाविना लिहिल्यास त्याच्या मूल्यातील तारकाही उलगडली जाते.

शेल व फाइंड हे एकामागून एक असे दोन वाचक आहेत, हे ध्यानी घेतल्यास अवघड वाटणाऱ्या रचनाही सुबोध होतात. एखाद्या फाइलीच्या नावातच तारका असेल आणि तिचा शोध घ्यावयाचा असेल, तर '\*.टीएक्सटी' असा नमुना देतात. अवतरणचिन्हे शेलसाठी असतात व ती तेथेच संपतात. तिरपी रेघ फाइंडपर्यंत पोहोचते आणि तारका शब्दशः घेण्यास तिला सांगते.

मुद्रणात वापरली जाणारी वळणदार अवतरणचिन्हे येथे उपयोगी पडत नाहीत. शेलला कळफलकावरील सरळ चिन्हेच ओळखता येतात. शब्दसंस्करणाच्या आज्ञावल्या टंकलेली सरळ चिन्हे पुष्कळदा आपोआप वळणदार करतात. अशा लेखातून आज्ञा उचलून शेलमध्ये घातल्यास तारका असंरक्षित राहते. शिवाय वळणदार चिन्हे नमुन्याचाच भाग समजली जाऊन बहुधा काहीही सापडत नाही.

शेलचे व फाइंडचे भिन्न नियम : नमुना दोहोंना कळत असला, तरी त्यांचे नियम सर्वस्वी एक नाहीत. टिंबाने आरंभ होणारी, म्हणजे सर्वसाधारण यादीत न दिसणारी नावे शेलच्या तारकेत येत नाहीत. फाइंडच्या '*' या नमुन्यात ती येतात. ‘-नेम’ची तुलना फाइलीच्या केवळ अखेरच्या नावाशी होते, संपूर्ण मार्गनामाशी होत नाही, मार्गनामासाठी ‘-पाथ’ हा पर्याय आहे. तसेच शेलने केलेली नावांची यादी फारच लांबल्यास प्रणालीने घातलेली मर्यादा ओलांडली जाते आणि आज्ञा सुरूच होत नाही. अवतरणात दिलेला नमुना फाइंडकडे सोपविल्यास अशी यादी करावी लागत नाही.

अन्य प्रणाली : गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीत व १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसमध्ये याहून वेगळी योजना आढळते. तेथे आज्ञा वाचणारी आज्ञावली वाइल्डकार्ड चिन्हे न उलगडता तशीच पुढे देते आणि प्रत्येक आज्ञा त्यांचा अर्थ स्वतः लावते. यामुळे डॉसमध्ये ‘रेन *.टीएक्सटी *.बीएके’ अशा एका आज्ञेने अनेक फाइलींची नावे बदलता येतात. यूनिक्समधील ‘एमव्ही’ आज्ञेला हे शक्य नसते, कारण नमुने तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उलगडलेले असतात. विंडोजच्या पारंपरिक आज्ञापंक्तीत डॉसचीच रीत चालते. तेथे एकेरी अवतरणचिन्हाला विशेष अर्थ नाही व दुहेरी चिन्हेच वापरावी लागतात. विंडोजमधील ‘फाइंड’ ही आज्ञा मजकूर शोधण्यासाठी असून यूनिक्समधील त्याच नावाच्या आज्ञेशी तिचा संबंध नाही.

देवनागरी नावे : आरंभीच्या शेलमध्ये व बॉर्न शेलमध्ये अवतरणातील वर्ण ओळखण्यासाठी त्या वर्णाच्या आठव्या बिटावर खूण केली जाई. इंग्रजीसाठीच्या आस्की संकेतात सातच बिट लागत असल्याने आठवा बिट मोकळा होता. इतर लिप्यांना मात्र ही युक्ती बाधक ठरली. इस्की या भारतीय मानक संकेतात (१९९१) भारतीय लिप्यांचे वर्ण आठवा बिट वापरूनच दर्शविलेले आहेत. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेल्या यूटीएफ-८ संकेतातही देवनागरी वर्णाच्या प्रत्येक बाइटमधील हा बिट वापरलेला असतो. त्यामुळे अवतरणाची खूण वर्णाबाहेर ठेवणारे शेल आल्यावरच देवनागरी नावे सुरक्षितपणे वापरता येऊ लागली.

देवनागरीत प्रश्नचिन्हाचा वापर करताना आणखी एक बाब ध्यानी ठेवावी लागते. संगणकाच्या दृष्टीने काना, मात्रा, वेलांटी इ. स्वरचिन्हे हे स्वतंत्र वर्ण असतात. ‘मराठी’ या शब्दात उच्चारदृष्ट्या तीन अक्षरे असली, तरी युनिकोडप्रमाणे म, र, काना, ठ व वेलांटी असे पाच वर्ण होतात. म्हणून मराठी.टीएक्सटी ही फाइल '???.टीएक्सटी' या नमुन्यात बसत नाही, '?????.टीएक्सटी' या नमुन्यात बसते. संगणकाची भाषाविषयक मांडणी यूटीएफ-८ ऐवजी मूळ ‘सी’ प्रकारची असेल, तर एक प्रश्नचिन्ह एकाच बाइटच्या जागी चालते आणि याच शब्दाला पंधरा प्रश्नचिन्हे लागतात. अशा नावांसाठी तारका अधिक सोयीची होय.

पडताळणी : आज्ञेचे शेलने काय केले, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिच्या आरंभी ‘एको’ हा शब्द घालणे. एको पुढील सर्व शब्द पडद्यावर उमटविते. त्यामुळे तारकेच्या जागी नावे आली असल्यास ती तत्काळ दिसतात. तारका कायम दिसली, तर ती अवतरणामुळे राहिली की जुळणारी फाइल नसल्यामुळे, हे मात्र या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी मूळ आज्ञाच पाहावी लागते. फाइली पुसावयाच्या असल्यास ‘-डिलीट’च्या जागी प्रथम ‘-प्रिंट’ हा पर्याय देऊन यादी तपासून घ्यावी. नमुना शेलसाठी आहे की पुढील आज्ञावलीसाठी, हे ठरवून दुसऱ्या स्थितीत तो नेहमी अवतरणचिन्हांत द्यावा. चालू निर्देशिकेत जुळणारी फाइल नाही हे ठाऊक असले, तरीही हा नियम पाळणे इष्ट असते. कारण आज्ञा पुन्हा चालविली जाईल तेव्हा ती निर्देशिका तशीच राहिलेली असेल, असे धरून चालता येत नाही.